आल्फ्रेड वेगेनर ग्रीनलँडमध्ये नेमके काय करत होते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पाठ्यपुस्तकात आल्फ्रेड वेगेनर यांचे नाव खंडवहनाच्या सिद्धांतापुरते येते आणि शेवटी एका ओळीत ते ग्रीनलँडच्या बर्फात मरण पावले असे लिहिलेले असते. मग ते तिथे खंड सरकतात याचा पुरावा शोधायला गेले होते का? हवामानशास्त्राच्या माणसाने भूशास्त्रातला एवढा मोठा विचार कसा मांडला? आणि तो बरोबर होता, तर जवळजवळ अर्धशतक भूशास्त्रज्ञांनी तो मान्य का केला नाही?

पहिल्या भागाचे उत्तर आधी देतो, कारण गैरसमज तिथेच सर्वांत जास्त आहे. वेगेनर ग्रीनलँडला एकूण चार वेळा गेले आणि चारही वेळा त्यांचे मुख्य काम हवा आणि बर्फ मोजण्याचे होते. खंड सरकतात का हे पाहणारी रेखांशाची मोजमापे हा त्यातला एक लहान भाग होता. खंडवहनाचा विचार त्यांच्या आयुष्यात मध्येच आला आणि शेवटपर्यंत सोबत राहिला, तरी त्यांचा व्यवसाय, पगार आणि रोजची शिस्त ही हवामानशास्त्राचीच होती. मी स्वतः पस्तीस वर्षे भूशास्त्रात काढली, त्यातली बरीचशी विदर्भातल्या कोळसा क्षेत्रात, आणि विद्यार्थ्यांना खंडवहन शिकवतानाही वेगेनर यांची ही दुसरी बाजू मी फार काळ दुर्लक्षितच ठेवली होती. ती बाजू समजल्यावर त्यांचा सिद्धांतही मला अधिक नीट कळला, म्हणून उत्तर जरा विस्ताराने लिहीत आहे.

वेगेनर यांचा जन्म १ नोव्हेंबर १८८० रोजी बर्लिनमध्ये झाला. वडील धर्मशास्त्राचे अभ्यासक, अभिजात भाषांचे शिक्षक आणि एका अनाथाश्रमाचे चालक होते. पाच भावंडांत आल्फ्रेड धाकटे. १९०५ मध्ये त्यांनी बर्लिन विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली ती खगोलशास्त्रात, तेराव्या शतकातल्या आल्फोन्सीय ग्रहकोष्टकांवर. पण लगेच ते लिंडेनबर्गच्या वातावरण वेधशाळेत रुजू झाले, कारण दुर्बिणीमागे बसून आयुष्य काढण्यापेक्षा वाऱ्यात उभे राहून मोजणे त्यांना अधिक मानवणारे होते. थोरले बंधू कुर्ट हेही हवामानशास्त्रज्ञ होते. एप्रिल १९०६ मध्ये या दोघा भावांनी बलूनमधून सलग साडेबावन्न तास प्रवास करून तोवरचा जागतिक विक्रम मोडला. विक्रम करण्यासाठी म्हणून ते वर गेले नव्हते. उपकरणांची आणि आकाशातून स्थाननिश्चिती करण्याच्या पद्धतींची परीक्षा घेणे हा त्या उड्डाणाचा हेतू होता.

त्याच वर्षी मिलिउस-एरिक्सन यांच्या नेतृत्वाखालची डॅनिश मोहीम ईशान्य ग्रीनलँडला निघाली आणि वेगेनर तिचे हवामानतज्ज्ञ झाले. डानमार्कशाव्हन येथे त्यांनी हवामान केंद्र उभारले आणि ध्रुवीय रात्रीच्या अंधारात पतंग आणि दोरीला बांधलेले बलून सोडून वरच्या थरांचे तापमान नोंदवले. या कामातले कष्ट कल्पनेने सुद्धा नीट कळत नाहीत. पतंगाला बांधलेले उपकरण, मैलभर तार, ती गुंडाळण्याची चरखी, आणि धातूला उघडा हात लागला तर कातडी चिकटेल अशी थंडी. याच मोहिमेत १९०७ मध्ये खुद्द मिलिउस-एरिक्सन आणि त्यांचे दोन सहकारी उत्तरेच्या दौऱ्यावरून परतलेच नाहीत. बर्फ माणसाला किती सहज गिळतो हे वेगेनर यांनी पंचविशीतच जवळून पाहिले होते.

परत आल्यावर ते मारबुर्ग विद्यापीठात अधिव्याख्याते झाले. १९११ मध्ये त्यांचे वातावरणाच्या ऊष्मागतिकीवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यातली एक कल्पना आपल्या पावसाशी थेट संबंधित असूनही वेगेनर यांच्या नावे आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते. ढगातले पाण्याचे थेंब शून्याखाली दहा-पंधरा अंशांपर्यंतही द्रवच राहू शकतात. अशा ढगात हिमकण असतील, तर हवा पाण्याच्या दृष्टीने जेमतेम संपृक्त, म्हणजे वाफेने पुरेपूर भरलेली, असते तेव्हाच ती बर्फाच्या दृष्टीने अतिसंपृक्त असते. त्यामुळे थेंब विरत जातात, त्यांची वाफ हिमकणांवर बसते, हिमकण जड होऊन खाली पडतात आणि वाटेत वितळून पाऊस होतात. पुढे बर्गेरॉन आणि फिंडायसेन या हवामानशास्त्रज्ञांनी ही प्रक्रिया विस्ताराने मांडली आणि आज ती तिघांच्या नावाने ओळखली जाते. महाराष्ट्रात दुष्काळी वर्षांत कृत्रिम पावसासाठी विमानातून सिल्व्हर आयोडाइड फवारले जाते, त्यामागचे तत्त्व हेच आहे.

आता खंडवहन. १९१० च्या सुमारास जगाचा नकाशा पाहताना अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांचे एकमेकांशी जुळणे त्यांच्या मनात भरले. त्यांनीच लिहिल्याप्रमाणे त्यांनी तो विचार प्रथम सोडूनही दिला होता. किनारे जुळतात हे त्यांच्या आधी अनेकांनी पाहिले होते. सोळाव्या शतकात नकाशाकार ऑर्टेलिअस यांनी, आणि अगदी १९१० मध्ये अमेरिकेत फ्रँक टेलर यांनी खंड सरकण्याचा विचार छापलाही होता. म्हणून नकाशा पाहणे हे वेगेनर यांचे मोठेपण मानू नये. मोठेपण त्यानंतरच्या वर्षभरात आहे. १९११ च्या शरद ऋतूत ब्राझील आणि आफ्रिका यांच्यात पूर्वी जमिनीचा सांधा असावा असे सुचवणारे जीवाश्मांचे वर्णन त्यांच्या वाचनात आले, आणि मग त्यांनी जीवाश्म, खडक, प्राचीन हवामान, भूपृष्ठाची उंची-खोली हे सगळे दप्तर एकत्र उघडले. ६ जानेवारी १९१२ रोजी फ्रँकफुर्टच्या झेंकेनबर्ग संग्रहालयात भूशास्त्रज्ञांपुढे त्यांनी पहिले व्याख्यान दिले. तेव्हा ते ३१ वर्षांचे होते. ख्यातनाम हवामानशास्त्रज्ञ व्लादिमिर क्यॉपेन, ज्यांची हवामान-वर्गवारी आपण आजही शिकतो आणि ज्यांची कन्या एल्झे हिच्याशी वेगेनर यांचा पुढे विवाह झाला, त्यांनीही आरंभी या विषयात पडू नये असाच सल्ला दिला होता.

त्यांच्या युक्तिवादातला मला सर्वांत भक्कम वाटणारा भाग पाठ्यपुस्तकात बहुधा नसतो. त्या काळी दोन खंडांवर एकच जीवाश्म सापडला की मधे एक भूसेतू होता आणि तो पुढे समुद्रात बुडाला असे सांगत. वेगेनर यांनी विचारले, बुडाला कसा? पृथ्वीच्या पृष्ठभागाच्या उंचीची वारंवारता मांडली तर दोन स्पष्ट शिखरे दिसतात: एक समुद्रसपाटीच्या सुमारे १०० मीटर वर, दुसरे सुमारे ४,७०० मीटर खाली. एकच पृष्ठभाग कुठे उचलला आणि कुठे खचला असता, तर मधल्या उंचीची जागा सर्वांत जास्त असायला हवी होती. ती नाही. म्हणजे खंड आणि सागरतळ ही दोन वेगवेगळ्या द्रव्यांची बनलेली आहेत आणि हलके खंड जड द्रव्यात तरंगत आहेत. पाण्यावर तरंगणारा बर्फ आपोआप तळाला जात नाही, तसाच खंडाएवढा भूसेतूही समुद्रात बुडू शकत नाही. मग उरतो एकच मार्ग: जमिनी पूर्वी जवळ होत्या आणि नंतर दूर गेल्या. तरंगणाऱ्या बर्फात दोन वर्षे काढलेल्या माणसाला हा विचार इतरांपेक्षा स्वाभाविक वाटला असेल, असे माझे वैयक्तिक मत आहे.

दुसरा आधार प्राचीन हवामानाचा होता, आणि इथे आपला प्रदेश अगदी आतून येतो. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या हिमनद्यांच्या खुणा दक्षिण अमेरिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि भारत येथे सापडतात. ओरिसातल्या तालचेर येथील गोट्यांचा थर हिमनदीने आणला असावा हे ब्लॅनफर्ड बंधूंनी १८५६ मध्येच सुचवले होते. चंद्रपूरजवळ पैनगंगेच्या पात्रात इरई गावापाशी अशाच थराखालचा चुनखडक घासून गुळगुळीत झालेला आणि त्यावर समांतर ओरखडे पडलेले भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फेडन यांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदवले. मी विद्यार्थ्यांना घेऊन तिकडे गेलो की आधी काही बोलत नसे. डोळे मिटा आणि बोट फिरवा, एवढेच सांगे. नदीच्या पाण्याने झिजलेला दगड गोलसर, सगळ्या बाजूंनी सारखा लागतो. इथे मात्र बोट एका दिशेला सरळ वाहते आणि आडवे फिरवले की खाचांवर अडखळते. लोखंडी कानस फिरवल्यासारखी ती खूण हिमनदीच्या तळात अडकलेल्या दगडांनी केलेली आहे. मे महिन्यात चंद्रपूरच्या ४५ अंशांच्या उन्हात उभे राहून या खडकावर एकेकाळी बर्फाचा थर सरकत होता हे सांगताना मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होत.

या खुणा खंड आजच्या जागी ठेवून समजावायच्या तर विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना बर्फ पसरला होता असे मानावे लागते, आणि त्याच वेळी युरोप-अमेरिकेत दलदलीची उष्ण अरण्ये वाढत होती ही अडचण उरतेच. खंड एकत्र आणून दक्षिण ध्रुवाभोवती ठेवले की सगळा बर्फ एका टोपीत बसतो आणि ती अरण्ये विषुववृत्तावर येतात. वनस्पतींचेही तेच. नागपूरजवळच्या कामठीच्या वालुकाश्मात रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनी १८५० च्या दशकात गोळा केलेल्या जीवाश्मांत ग्लॉसोप्टेरिसची पाने होती. जिभेच्या आकाराचे पान, मधोमध ठळक शीर आणि तिच्यातून निघून जाळी विणणाऱ्या बारीक शिरा. हेच पान दक्षिण आफ्रिकेत, ब्राझीलमध्ये, ऑस्ट्रेलियात आणि अंटार्क्टिकात सापडते. ‘गोंडवन’ हे नावच मुळी आपल्या मध्य भारतातल्या गोंडांच्या प्रदेशावरून मेडलिकॉट यांनी खडकांच्या मालिकेला दिले आणि पुढे ऑस्ट्रियन भूशास्त्रज्ञ झ्यूस यांनी ते सबंध दक्षिणेकडच्या महाभूमीला दिले. इथे एक दुरुस्ती करून ठेवतो: पाठ्यपुस्तकातल्या प्रसिद्ध नकाशात लिस्ट्रोसॉरस हा प्राणी अंटार्क्टिकापर्यंत दाखवतात आणि तो वेगेनर यांचा पुरावा म्हणून सांगतात. अंटार्क्टिकात तो प्राणी १९६९ मध्ये सापडला, वेगेनर यांच्या मृत्यूनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी.

१९१२ च्या व्याख्यानानंतर सहाच महिन्यांत वेगेनर पुन्हा ग्रीनलँडला गेले. डॅनिश कप्तान योहान पेटर कोख, आइसलँडचे विगफूस सिगुर्दसन आणि खलाशी लार्स लार्सन अशी चौघांची तुकडी, आणि ओझ्यासाठी आइसलँडमधली १६ तट्टे. कोख हिमभेगेत सुमारे १२ मीटर खोल पडले, पाय मोडून काही महिने अंथरुणाला खिळले. चौघांनी बर्फावरच हिवाळा काढला, बर्फात २५ मीटर खोल छिद्र घेऊन तापमाने मोजली आणि १९१३ च्या उन्हाळ्यात बेट पूर्वेकडून पश्चिमेकडे पार केले. ते अंतर १८८८ मध्ये नॉर्वेच्या नान्सेन यांनी ग्रीनलँड ओलांडताना चाललेल्या वाटेच्या साधारण दुप्पट होते. पश्चिम किनाऱ्याजवळ अन्न संपले, शेवटचे तट्टूही गेले आणि सोबतचा कुत्राही खावा लागला. त्यानंतर दूरच्या वस्तीतल्या भाविकांना भेटायला निघालेल्या उपर्नाविकच्या धर्मगुरूंच्या दृष्टीस ते पडले, म्हणून वाचले.

परतल्यावर विवाह, मग महायुद्ध. राखीव अधिकारी म्हणून बेल्जियममध्ये लढताना ते दोनदा जखमी झाले आणि त्यानंतर लष्कराच्या हवामान सेवेत गेले. खंड आणि महासागर यांच्या उत्पत्तीवरचे त्यांचे पुस्तक १९१५ मध्ये निघाले ते याच काळात, अवघ्या ९४ पानांचे. पुढे १९२०, १९२२ आणि १९२९ मध्ये त्यांनी ते प्रत्येक वेळी वाढवून आणि दुरुस्त करून पुन्हा काढले. आक्षेपाला उत्तर द्यायचे, न पटलेला पुरावा काढून टाकायचा, नवा घालायचा, ही त्यांची पद्धत.

या माणसाची विचार करण्याची रीत दाखवणारी एक छोटी गोष्ट सांगतो. चंद्रावरची विवरे ज्वालामुखीची आहेत असा त्या काळी सर्वसाधारण समज होता. वेगेनर यांनी सिमेंटच्या भुकटीचा एक सपाट थर पसरला आणि त्यावर वरून चमच्याने त्याच भुकटीचे गोळे टाकले. उमटलेल्या खड्ड्यांच्या कडा, व्यास, खोली, काही वेळा मधोमध राहणारा उंचवटा, हे सगळे मोजून त्यांनी चंद्राच्या विवरांशी ताडून पाहिले आणि १९२१ मध्ये ती उल्कापाताची आहेत असे मांडले. त्याआधी एप्रिल १९१६ मध्ये जर्मनीतल्या ट्रायझा परिसरात एक उल्का पडली, तेव्हा गावकऱ्यांनी कुठून काय पाहिले याच्या नोंदी जमवून त्यांनी तिच्या पडण्याची जागा गणिताने काढली. पुढच्या वर्षी ६३ किलोंचा तो लोहगोल त्या जागेपासून किलोमीटरभराच्या आतच मिळाला. विखुरलेल्या, अपुऱ्या, निरनिराळ्या लोकांच्या साक्षी एकत्र करून न पाहिलेली घटना उभी करायची, हीच रीत खंडवहनातही होती.

मग विरोध का झाला? ‘ते बाहेरचे होते म्हणून’ हे उत्तर मला अपुरे वाटते. बाहेरचेपणा होताच, १९२६ मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या परिसंवादात शिकागोच्या चेंबरलिन यांनी, हा विचार मान्य केला तर गेल्या ७० वर्षांत शिकलेले सारे विसरून पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल, या आशयाचे मत उद्धृत केले. पण विरोधकांकडे खरे आक्षेपही होते आणि ते प्रामाणिकपणे सांगायला हवेत. खंड ढकलणारे बळ कोणते, याला वेगेनर यांनी दिलेली उत्तरे, पृथ्वीच्या फिरण्यामुळे ध्रुवांकडून विषुववृत्ताकडे ढकलणारे बळ आणि भरती-ओहोटीची ओढ, ही दोन्ही चुकीची होती. इंग्लंडच्या हॅरोल्ड जेफ्रीज यांनी गणिताने दाखवले की ही बळे आवश्यकतेच्या मानाने अत्यंत क्षुल्लक आहेत, आणि जेफ्रीज यांचे ते गणित बरोबर होते. शिवाय टणक सागरतळ फाडत खंड पुढे जातात हे चित्रही खडकांच्या मजबुतीशी विसंगत होते.

दुसरी चूक वेगाची. ग्रीनलँड युरोपपासून फक्त पन्नास हजार ते लाखभर वर्षांपूर्वी सुटले असे वेगेनर मानत, म्हणून ते वर्षाला कित्येक मीटर सरकत असले पाहिजे असे त्यांच्या हिशेबात येई. १८२३, १८७० आणि १९०७ च्या रेखांश-मोजमापांतून त्यांना तसा आकडा मिळालाही, पण तो त्या काळच्या चंद्रावरून वेळ काढण्याच्या पद्धतीतल्या चुकांचा आकडा होता. प्रत्यक्षात ते विलगीकरण सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचे आहे आणि वेग वर्षाला दोन सेंटिमीटरच्या आसपास आहे. खंड सरकतात हे निरीक्षण खरे, सरकवणारे कारण खोटे आणि वेग शंभरपटींहून अधिक फुगलेला, अशी ही मांडणी होती. विज्ञानात कारण सापडले नाही म्हणून निरीक्षण नाकारता येत नाही, आणि विरोधक चुकले ते इथे. ब्रिटिश भूशास्त्रज्ञ आर्थर होम्स यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीसच प्रावरणातल्या, म्हणजे भूकवचाखालच्या जाड थरातल्या, उष्णतेने वर-खाली फिरणाऱ्या संवहन प्रवाहांची कल्पना सुचवली होती आणि दक्षिण आफ्रिकेचे भूशास्त्रज्ञ द्यु ट्वा हे तर उघडपणे वेगेनर यांच्या बाजूने उभे होते, कारण हिमनदीचे ओरखडे आणि ग्लॉसोप्टेरिस त्यांच्या पायाखाली होते.

निकाल बदलला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि त्यात दख्खनच्या आपल्या काळ्या कातळाचा वाटा मोठा आहे. लाव्हा थंड होताना त्यातले लोहकण त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने कायमचे गोठतात. मोकळी टांगलेली चुंबकीय सुई विषुववृत्ताजवळ आडवी राहते आणि ध्रुवाकडे जावे तशी अधिकाधिक झुकते. अलिबागच्या वेधशाळेपाशी ती आज २५ ते ३० अंश झुकते. सह्याद्रीच्या बेसाल्टमधला गोठलेला झुकाव मात्र ४५-५० अंशांचा आहे आणि एकूण दिशा पाहता तो दक्षिण गोलार्धातला आहे. लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या गटाने १९५६ मध्ये आणि त्यानंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी ही मोजमापे प्रसिद्ध केली. म्हणजे ६.६ कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा वाहिला तेव्हा महाराष्ट्र विषुववृत्ताच्या दक्षिणेला ३० अंशांच्या आसपास होता. तिथून आजच्या जागेपर्यंतचे अंतर साडेपाच हजार किलोमीटरच्या घरात येते, सरासरी वर्षाला आठ सेंटिमीटर. त्यानंतर हेस यांची सागरतळ-विस्ताराची कल्पना, १९६३ मध्ये व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी वाचलेले सागरतळावरचे चुंबकीय पट्टे आणि १९६८ पर्यंत आकाराला आलेला भूपट्टांचा सिद्धांत, हा पुढचा इतिहास परिचित आहे. खंड सागरतळ फाडत जात नाहीत, ते सागरतळासकट वाहून नेले जातात. वेगेनर यांच्या चित्रातली मुख्य दुरुस्ती ती.

आता शेवटची मोहीम. १९२४ पासून वेगेनर ऑस्ट्रियात ग्राझ येथे प्राध्यापक होते. जर्मनीत कायमचे अध्यापनपद त्यांना शेवटपर्यंत मिळाले नाही. १९२९ मध्ये त्यांनी योहानेस गेओर्गी, फ्रिट्झ लोएवे आणि एर्न्स्ट झोर्गे यांच्यासह ग्रीनलँडच्या पश्चिम किनाऱ्यावरून आत जाण्याची वाट शोधून ठेवली. १९३० ची योजना अशी होती: ७१ अंश अक्षवृत्तावर तीन केंद्रे, एक पश्चिम किनाऱ्यालगत, एक पूर्व किनाऱ्यावर आणि एक बेटाच्या मध्यभागी, सुमारे ३,००० मीटर उंचीवर, ज्याचे नाव ‘आइसमिटे’, म्हणजे बर्फाचा मध्य. तिन्ही ठिकाणी वर्षभर हवेच्या नोंदी घ्यायच्या आणि स्फोटांच्या लहरी तळाशी आपटून परत यायला लागणाऱ्या वेळावरून बर्फाची जाडी मोजायची.

सुरुवातीलाच फियॉर्डमधला, म्हणजे समुद्राच्या अरुंद खाडीतला, बर्फ फुटेना आणि ३८ दिवस वाया गेले. सगळ्या पुढच्या अडचणींचे मूळ हा उशीर आहे. प्रोपेलरवर चालणाऱ्या दोन यांत्रिक घसरगाड्या ताज्या भुसभुशीत बर्फात अडकल्या आणि मध्य केंद्रापर्यंत पोचूच शकल्या नाहीत. तिथे गेओर्गी आणि झोर्गे यांच्याजवळ इंधन अपुरे होते आणि राहण्याची झोपडी पोचलीच नव्हती. २० ऑक्टोबरपर्यंत सामान आले नाही तर आम्ही चालत परत निघू, असे त्यांनी कळवले. ते चालत निघाले तर मरतील हे वेगेनर जाणत होते. २१ सप्टेंबरला ते स्वतः लोएवे, १३ ग्रीनलँडवासी आणि १५ कुत्रागाड्यांसह निघाले. थंडी वाढत गेली, बहुतेक सोबती टप्प्याटप्प्याने माघारी वळले, सामान वाटेत टाकावे लागले. शेवटी तिघेच उरले: वेगेनर, लोएवे आणि विशीतला तरुण रास्मुस विलुमसेन. उणे ५० अंशांखालच्या थंडीत एकूण चाळीस दिवस चालून ३० ऑक्टोबरला ते सुमारे ४०० किलोमीटरवरच्या मध्य केंद्रात पोचले, ते जवळजवळ रिकाम्या हातांनी.

तिथे कळले की गेओर्गी आणि झोर्गे यांनी आधीच निर्णय बदलला होता. त्यांनी घट्ट बर्फात गुहा खणली होती, आत तापमान शून्याखाली काही अंशच राहत होते आणि जपून वापरले तर इंधन पुरण्यासारखे होते. लोएवे यांची बोटे गोठून काळी पडली होती. गेओर्गी यांनी खिशातला चाकू आणि पत्रा कापायची कात्री घेऊन, भूल न देता, त्यांच्या पायाची नऊ बोटे कापली. पाच माणसांचे अन्न हिवाळाभर पुरणार नव्हते. १ नोव्हेंबर १९३० रोजी, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, वेगेनर विलुमसेन यांच्यासह दोन गाड्या आणि १७ कुत्रे घेऊन परत निघाले.

मध्य केंद्रात संदेश पाठवण्याचे यंत्र नव्हते. पश्चिम केंद्राला वाटत राहिले की ते आत थांबले असतील, आतल्या तिघांना वाटत राहिले की ते किनाऱ्यावर पोचले असतील. मे १९३१ च्या आरंभी मदतीची तुकडी आत पोचली तेव्हा दोन्ही समजुती एकाच क्षणी संपल्या. १२ मे रोजी पश्चिम केंद्रापासून १८९ किलोमीटरवर बर्फात उभ्या रोवलेल्या स्कींखाली वेगेनर यांचा देह सापडला. खाली रेनडियरचे कातडे अंथरलेले, देह झोपण्याच्या पिशवीच्या आवरणात नीट शिवून ठेवलेला. अतिश्रमाने हृदय थांबले असावे असा निष्कर्ष निघाला. हे सगळे विलुमसेन यांनी एकट्याने, त्या थंडीत आणि अंधारात, आपला जीव धोक्यात असताना केले होते. वेगेनर यांची रोजनिशी घेऊन ते पुढे निघाले आणि ना ते सापडले, ना ती रोजनिशी. वेगेनर यांच्याविषयी लिहिताना विलुमसेन यांचे नाव सोडून देणे मला अन्यायाचे वाटते. देह तिथेच ठेवला गेला. वर साचत गेलेल्या बर्फाखाली तो आज खोल गेला आहे.

त्या गुहेतल्या हिवाळ्यात काम एक दिवसही थांबले नव्हते. झोर्गे यांनी १५ मीटर खोल विहीर खणून बर्फाची घनता थराथराने मोजली, आणि साचणारा बर्फ खोलीबरोबर कसा घट्ट होत जातो याचा त्यांनी मांडलेला नियम हिमशास्त्रात त्यांच्याच नावाने चालतो. मार्चमध्ये तापमान उणे ६४.८ अंशांपर्यंत उतरले. स्फोटलहरींच्या मोजमापांतून मध्यभागी बर्फ अडीच किलोमीटरहून अधिक जाड असल्याचे दिसले, म्हणजे ग्रीनलँड ही कडेने डोंगर आणि मधे खोलगट अशी बर्फाने भरलेली परात आहे. मोहिमेचे नेतृत्व उन्हाळ्यात थोरले बंधू कुर्ट यांनी येऊन हाती घेतले. आणि गेओर्गी, मे महिन्यात सुटकेची तुकडी आलेली असताना आणि वेगेनर गेल्याचे कळलेले असताना, वर्षभराची नोंद अपुरी राहू नये म्हणून मध्य केंद्रातच मागे राहिले आणि रोजच्या ठरलेल्या वेळी उपकरणे वाचत राहिले. बेटाच्या मध्यभागचे सरासरी वार्षिक तापमान उणे ३० अंशांच्या आसपास आहे, हा आकडा पहिल्यांदा मिळाला तो त्या नोंदवहीतून.